बारा जणांची खासगी सोय

घरचा कॉम्प्युटर हँग होतो, माऊसचा बाण जागचा हलत नाही, अर्धवट टाइप केलेला अर्ज पडद्यावर तसाच अडकून पडतो आणि मागून कुणीतरी हमखास सांगतं, ‘अरे, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मार!’ एमएस-सीआयटीच्या वर्गात कधी पाऊल न टाकलेल्यालाही हा तोडगा पाठ असतो. गंमत म्हणजे, ज्यांनी तो काढला त्यांच्या डोक्यात तेव्हा तुम्ही-आम्ही कुठेच नव्हतो.

1980 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, बोका रॅटन इथे आयबीएमने बारा इंजिनिअरांची एक तुकडी बसवली. वर्षभरात एक छोटा, परवडणारा कॉम्प्युटर बाजारात आणायचा, एवढंच काम. आयबीएमसारख्या अवाढव्य कंपनीत अशी घाई कुणी पाहिलेली नव्हती. या बारांपैकी डेव्हिड ब्रॅडली यांच्याकडे बायोस आलं. वीज आल्याबरोबर मशीनला जागं करणारा, कीबोर्ड आणि पडद्याला कामाला लावणारा, चिपमध्ये कायमचा भरून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे बायोस.

हार्डवेअर नवं, सॉफ्टवेअरही नवं, त्यामुळे मशीन उठता-बसता अडकायचं. रीसेटचं बटण त्याला नव्हतंच. खटका बंद करायचा, परत चालू करायचा आणि मग बसून राहायचं, कारण प्रत्येक वेळी मशीन आपली सगळी मेमरी पहिल्यापासून तपासायचं. मेमरी जितकी जास्त, तितका खोळंबा मोठा. ब्रॅडली यांनी सहकाऱ्यांसाठी एक चोरवाट ठेवली: तीन बटणं एकदम दाबली की मशीन नव्याने सुरू होईल, पण मेमरीची तपासणी गाळून. काही मिनिटांचं काम होतं ते, असं त्यांनी पुढे सांगितलं. यादीतल्या शंभरएक कामांपैकी एक उरकलं आणि ते पुढच्या कामाला लागले.

पहिली जोडणी मात्र वेगळी होती: कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. ही तिन्ही बटणं कीबोर्डच्या डाव्या अंगाला. तिथे जरा धक्का लागला, की चालतं काम पुसलं जाऊन मशीन पुन्हा श्रीगणेशा करायचं. मुख्य प्रोग्रामर मेल हॉलरमन यांनी सुचवलं, की एस्केपऐवजी डिलीट घ्या. त्या 83 बटणांच्या कीबोर्डवर कंट्रोल आणि ऑल्ट फक्त डावीकडे होते आणि डिलीट उजव्या टोकाला, आकड्यांच्या पट्टीच्या तळाशी. एका हाताने ते जमणं शक्यच नव्हतं. जे दाबताना दोन्ही हात गुंतवावे लागतात, ते चुकून दाबलं जात नाही. पुढे 101 बटणांचे कीबोर्ड आले, उजवीकडेही कंट्रोल-ऑल्ट मिळाले आणि हा बंदोबस्त ढिला पडला. आज एकट्या उजव्या हाताने काम भागतं.

त्या पहिल्या मशीनच्या आतमध्ये काय घडायचं तेही बघण्यासारखं आहे. कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत, तो बटणांचे क्रमांक पाठवतो. कंट्रोलचा 29, ऑल्टचा 56, डिलीटचा 83. क्रमांक आला की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो आणि बायोसला विचारतो, हे काय आलं? 29 आणि 56 दाबलेले असताना 83 आला, की बायोस मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी 1234 हा आकडा, सोळाच्या पायावरचा, लिहून ठेवतो आणि थेट सुरुवातीच्या पायरीवर उडी मारतो. मशीन जागं होताना ती जागा बघतं. तिथे 1234 दिसला, तर मेमरीची तपासणी गाळायची. खटका बंद केला असता तर मेमरीच पुसली गेली असती आणि हा निरोप पोचलाच नसता.

यातच घरगुती दुरुस्तीचा एक जुना आडाखा दडलाय. मशीन अडकलं की आधी कॅप्स लॉक दाबून बघायचं. दिवा लागला-विझला, तर कीबोर्डचं म्हणणं आत ऐकलं जातंय. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला वाव आहे. दिवा ढिम्म राहिला, तर ती तीन बटणं बडवून उपयोग नाही. पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरावं आणि मोकळं व्हावं.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएम पीसी बाजारात आला. ही सोय जाहीर करायची नव्हतीच. पण आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तकात तिचा उल्लेख केला आणि गुपित फुटलं. मग माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांनाही ती आयती सापडली: नवख्याला सगळं समजावत बसण्यापेक्षा, फ्लॉपी घाला आणि ही तीन बटणं दाबा, एवढं सांगितलं की झालं.

मायक्रोसॉफ्टने तिला दुसरा जन्म दिला. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये ही बटणं दाबली, की मशीन लगेच बंद न पडता निळ्या पडद्यावर विचारणा यायची: अडकलेला प्रोग्राम तेवढा बंद करू, की सगळंच नव्याने सुरू करू? तो मजकूर पुढे कंपनीचे प्रमुख झालेल्या स्टीव्ह बामर यांनी स्वतः लिहिला होता. कंपनीच्या रेमंड चेन यांनी 2014 मध्ये हे सांगितलं, तेव्हा बऱ्याच बातमीदारांनी तो मशीन कोसळल्यावर दिसणारा निळा पडदा समजून बातम्या छापल्या. चेन यांना खुलासा करावा लागला.

विंडोज 3.1 नंतर पुढच्याच वर्षी विंडोज एनटी आलं आणि अर्थ पार उलटा झाला. मशीन मारण्याची बटणं आता दार उघडायला आली. पासवर्ड चोरायला कुणी लॉगिनचा हुबेहूब खोटा पडदा उभा केला तर? एनटीत ही तीन बटणं थेट विंडोजच्या गाभ्याकडे जातात, मधला कुठलाही साधा प्रोग्राम ती अडवू शकत नाही. म्हणून ती दाबल्यावर समोर येणारा पडदा खराच असणार. बँकेत सकाळी काउंटरवर बसलेला माणूस ती दाबतो, तेव्हा नकळत याचीच खातरजमा करत असतो.

2013 मध्ये हार्वर्डच्या एका कार्यक्रमात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी लॉगिनला ही तीन बटणं ठेवणं चूक होती असं कबूल केलं. त्यांना एकच बटण हवं होतं, आयबीएमच्या कीबोर्डवाल्याने ते दिलं नाही, अशी त्यांची तक्रार. मला ती पटत नाही. एकच बटण असतं तर ते दिवसातून दहा वेळा चुकून दाबलं गेलं असतं. अवघडपणा हाच तर या जोडणीचा गुण. ब्रॅडली यांनी पीसीच्या विसाव्या वाढदिवशी, 2001 मध्ये, व्यासपीठावर शेजारी गेट्स बसलेले असताना टोला हाणला होता, की शोध माझा असेल, पण त्याला प्रसिद्धी मिळवून दिली ती बिलने. सभागृह हसलं. गेट्स फारसे हसले नाहीत.

घरी बसून ऑफिसच्या मशीनवर काम करणाऱ्यांना या बटणांचा हट्ट आजही नडतो. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत पासवर्ड बदलायला म्हणून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबावं, तर घरचाच कॉम्प्युटर आधी ओ देतो. मधला प्रोग्राम तो निरोप अडवू शकत नाही, मग पलीकडे पाठवणार कुठून? अशा वेळी डिलीटच्या जागी एंड दाबायचं. कंट्रोल-ऑल्ट-एंड मात्र बिनबोभाट पलीकडे पोचतं.