परवाना खरा, तरी प्रणाली बंद : सॉफ्टवेअरची सक्रियता आणि विक्रेत्याचे उत्तरदायित्व

बेंगळुरू : महिन्याच्या 20 तारखेला सायंकाळी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडावे आणि पडद्यावर परवाना आढळत नसल्याचा संदेश यावा, हा अनुभव अनेक लहान व्यापाऱ्यांच्या परिचयाचा आहे. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-3बी दाखल करण्याची मुदत सामान्यतः त्याच दिवशी संपते. उशीर झाल्यास कर देय असणाऱ्याला प्रतिदिन 50 रुपये विलंब शुल्क आणि थकीत करावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज भरावे लागते. सॉफ्टवेअर सक्रिय झाले नाही, ही सबब त्या आकारणीतून सुटका करत नाही. रीतसर पैसे मोजून घेतलेला परवाना वारंवार निष्क्रिय होत असेल तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर ग्राहक कोण, यावर बरेचसे अवलंबून आहे.

देशातील व्यापारी हिशेबाचे एक मोठे केंद्र बेंगळुरूत आहे. 1986 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ‘टॅली’ हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातील बाजारपेठांतही घरोघरच्या वहीइतके रुळले आहे. त्याचा परवाना अनुक्रमांक आणि सक्रियता-कळ यांच्या आधारे विशिष्ट संगणकाशी जोडला जातो. संगणक बदलायचा असल्यास आधी परवाना जुन्या यंत्रावरून परत करावा लागतो. परवाना नसल्यास हे सॉफ्टवेअर ‘एज्युकेशनल मोड’मध्ये चालते. त्या अवस्थेत महिन्यातील 1, 2 आणि 31 अशा मोजक्या तारखांनाच नोंदी करता येतात. शिकणाऱ्याला एवढे पुरते. चालू दुकानाला पुरत नाही.

सक्रियतेची रचना बहुतेक उत्पादनांत सारखीच असते. संगणकाचा मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्या तपशिलांतून त्या यंत्राची एक ओळख तयार होते आणि ती कंपनीच्या सर्व्हरवरील नोंदीशी ताडून पाहिली जाते. मदरबोर्ड बदलला, डिस्क नवी बसवली की जुना ग्राहक सर्व्हरला नवखा वाटतो. संगणकाचे घड्याळ चुकले, फायरवॉलने संपर्क अडवला किंवा ठरलेल्या संख्येइतक्या संगणकांवर सॉफ्टवेअर आधीच बसवलेले असले, तरी नकार येतो. यांतील काही कारणे ग्राहकाच्या बाजूची आहेत, हे मान्य केले पाहिजे. स्वस्तात मिळालेली कळ एकाच वेळी अनेकांना विकलेली असते, असेही घडते. तेथे दोष कळ विकणाऱ्याचा असतो.

मात्र ग्राहकाने काहीही न बदलता परवाना नाकारला गेल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत. 24 ऑगस्ट 2007 रोजी मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी सर्व्हरवर चाचणी पूर्ण न झालेला कोड चुकून चढवला गेला आणि विंडोजच्या अस्सल प्रती बनावट ठरवल्या गेल्या. बाधित संगणकांची संख्या 12,000 पेक्षा कमी असल्याचे कंपनीने सांगितले होते. 8 नोव्हेंबर 2018 रोजी विंडोज 10 प्रोचे अनेक परवाने अशाच रीतीने निष्क्रिय दिसू लागले. तो बिघाडही सर्व्हरच्या बाजूचा होता. खरेदी केलेल्या वस्तूची किल्ली विक्रीनंतरही विक्रेत्याकडेच राहते, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य आहे.

असे सॉफ्टवेअर कायद्याच्या दृष्टीने वस्तू आहे का? टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये तयार, बाजारात विकले जाणारे सॉफ्टवेअर ‘वस्तू’ ठरवले. बेंगळुरूच्या इंजिनीअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या प्राप्तिकरविषयक अपिलांत 2021 मध्ये, वापरकर्त्याने अशा सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम स्वामित्वधन नव्हे, हे स्पष्ट झाले. पुढील वर्षी पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या प्रकरणात, कळीसह सीडीवर विकलेल्या अँटिव्हायरसच्या एकाच रकमेवर विक्रीकर भरल्यानंतर पुन्हा सेवाकर लावता येणार नाही, असा निर्णय झाला. हे तिन्ही खटले करांचे आहेत. त्यांत ग्राहकाची तक्रार कोठेही नव्हती. तरीही ‘आम्ही केवळ वापराची परवानगी दिली, काही विकलेच नाही’ हा विक्रेत्याचा बचाव त्यांमुळे दुबळा होतो.

वस्तू म्हटली की 1930 चा वस्तुविक्री कायदा लागू होतो. खरेदीदाराला वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल, ही हमी त्याच्या कलम 14 मध्ये गृहीत धरलेली आहे. त्याच धर्तीच्या इंग्रजी कायद्याखाली, विकलेल्या संगणकप्रणालीत विक्रेत्याने नंतर कालबद्ध कुलूप बसवणे हा त्या हमीचा भंग असल्याचे इंग्लंडमधील अपील न्यायालयाने रुबिकॉन विरुद्ध युनायटेड पेंट्स या खटल्यात मानले. अडचण अशी की, कलम 62 नुसार अशा गर्भित हमी स्पष्ट कराराने वगळता येतात. ‘मान्य आहे’ या बटणामागील लांबलचक मजकुरात त्या बहुधा वगळलेल्या असतात, भरपाईही परवान्याच्या किमतीपुरती मर्यादित केलेली असते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 येथे मदतीला येऊ शकतो. राज्य व राष्ट्रीय आयोगांना अन्याय्य कराराच्या अटी रद्दबातल ठरवता येतात. तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करता येते. मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे जाते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पण ‘व्यापारी प्रयोजना’साठी खरेदी करणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. पॉली मेडिक्युअर विरुद्ध ब्रिलिओ टेक्नॉलॉजीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये नेमका हाच मुद्दा निकालात काढला. आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम स्वयंचलित करण्यासाठी कंपनीने घेतलेला सॉफ्टवेअर परवाना नफ्याच्या उद्दिष्टाशी निगडित असल्याने ती कंपनी ग्राहक ठरली नाही.

लहान व्यावसायिकाला यात एक अपवाद आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका मिळवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. 1995 च्या लक्ष्मी इंजिनीअरिंग निकालात न्यायालयाने टंकलेखन यंत्राचे उदाहरण दिले होते: स्वतः टंकन करून पोट भरणारा ग्राहकच असतो. आज त्या यंत्राच्या जागी घरून हिशेब लिहिणाऱ्या लेखापालाचा संगणक ठेवून पाहता येईल. चार नोकर ठेवून चालणाऱ्या दुकानाबाबत मात्र निकाल वस्तुस्थितीवर ठरेल.

अपवादात न बसणाऱ्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. करारात ‘फक्त बेंगळुरूच्या न्यायालयांना अधिकार’ अशी अट असल्यास ती सामान्यतः पाळली जाते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने वीस-पंचवीस हजारांच्या परवान्यासाठी तेथे वकील लावणे परवडणारे नाही. विक्रेत्यांना हे ठाऊक असते, असे म्हणण्यास जागा आहे.

म्हणून नोंदी महत्त्वाच्या. त्रुटीच्या संदेशाचे तारीख-वेळेसह छायाचित्र, खरेदीचे बीजक, विक्री प्रतिनिधी व कंपनी या दोघांनाही पाठवलेला ईमेल आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावेत. परवाना सक्रिय करून दिल्यानंतर कंपनी तक्रार बंद करते. तोच बिघाड पुन्हा झाल्यास नव्या तक्रारीत जुना क्रमांक नमूद करावा, अन्यथा पुनरावृत्ती सिद्ध होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. कराराच्या भंगाबद्दल दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षे आहे.