मशीनचा मास्तर कोण?

बिनड्रायव्हरची गाडी ही काही आजची टूम नाही. १९८९ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो पीएचडी करत होता. त्याने ‘ॲल्विन’ नावाचं न्यूरल नेटवर्क बनवलं. नियम पढवले नाहीत. कॅमेऱ्यातून रस्ता बघायचा, माणूस स्टिअरिंग कसं फिरवतो ते बघायचं आणि शिकायचं.

पण घोडं अडलं. चांगला ड्रायव्हर कडेला जातच नाही. मग गाडी भरकटली तर सावरायचं कसं, हे मशीनला कळेना. पॉमरलोने रस्त्याची चित्रं सरकवून, तिरकी करून भरकटणंही दाखवलं, तेव्हा कुठे जमलं.

म्हणजे दाखवाल तेच मशीन शिकतं. म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगळुरूच्या रस्त्यांची सुमारे १०,००० चित्रं जमवली आणि त्यात रिक्षाला वेगळी ओळख दिली. युरोपातल्या चित्रांत रिक्षा कुठून येणार?

उद्या असा कॅमेरा शीळफाट्यावर लागला तर? कल्याण, पनवेल, मुंब्रा, महापे, चहूकडच्या गाड्या त्याला दिसतील. उलट्या बाजूने घुसणारा दुचाकीवालाही दिसेल. त्याला टाळायचं, की त्याचा कित्ता गिरवायचा? मशीनला हे आपोआप कळत नाही. ते आधी आपण ठरवायला हवं.