परळचा राजप्रासाद : बदलते मालक, बदलता उपयोग

प्रस्तावना :
वैभवशाली निवासवास्तूंचा अभ्यास बहुधा त्यांच्या मालकांच्या ऐश्वर्याशी येऊन थांबतो. सिसिलीतील पियाझ्झा आर्मेरिना येथील चौथ्या शतकातील रोमन प्रासाद मोझेकच्या फरशांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु रोमन सत्ता लयास गेल्यानंतरही मध्ययुगापर्यंत तेथे लोकवस्ती होती, हे फारसे विचारात घेतले जात नाही. मुंबईतील परळच्या जुन्या गव्हर्नर निवासाचा इतिहासही असाच उत्तरकाळासह अभ्यासणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूच्या मालकीबदलामागील कारणांचा आढावा घेण्यात आला आहे.

मठ ते राजनिवास :
पोर्तुगीज काळात या ठिकाणी ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होते. मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. पुढे गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, १७१९ मध्ये, कंपनीने ही मालमत्ता जेझुइट पंथीयांकडून ताब्यात घेतली. विल्यम हॉर्नबी (१७७१-१७८४) याच्यापासून गव्हर्नर येथे वास्तव्य करू लागले. प्रार्थनेच्या जागी मेजवानीची व नृत्याची दालने आली. शहराच्या कोटापासून दूर असलेले परळ त्या काळी निवांत व आरोग्यदायी मानले जाई.

स्थलांतराची कारणे :
१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्यानंतर परळ परिसराचे स्वरूप पालटले. गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या चाळी दाटल्या. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे याच निवासात पटकीने निधन झाले आणि १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांचे निवासस्थान मलबार पॉइंट येथे हलविण्यात आले. परळची हवा राज्यकर्त्यांना असह्य झाली तेव्हा त्यांना अन्यत्र जाता आले. कामगारांना मात्र तसा पर्याय नव्हता.

राजनिवास ते प्रयोगशाळा :
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. रिकाम्या राजप्रासादात प्लेगच्या रुग्णांवर उपचार होऊ लागले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

निष्कर्ष :
धर्मसंस्था, व्यापारी कंपनी, साम्राज्य आणि अखेरीस सार्वजनिक संस्था असा या वास्तूचा प्रवास आहे. जी रोगराई राजघराला उजाड करण्यास कारणीभूत ठरली, तिच्याशीच झुंजण्यासाठी ते पुन्हा वापरात आले. प्रयोगशाळेमुळे चाळींतील दाटी कमी झाली नाही, ही मर्यादा नोंदवावी लागते. तथापि प्रासादाची दालने प्रथमच सामान्यांच्या जीविताशी जोडली गेली. म्हणूनच या वास्तूचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या वैभवाच्या काळापेक्षा उत्तरकाळात अधिक आहे.