वजाबाकीचा आकडा

पगारपत्रकातील कपात कोठून आली हे आमचा कामगार विचारतो; रक्ततपासणीचा कागद मात्र मुकाट्याने घडी करून ठेवतो. वास्तविक रक्तवाहिन्यांत थर धरणाऱ्या ‘एलडीएल’चा आकडा, ज्यावर जन्मभराची गोळी ठरते, पुष्कळदा मोजलेला नसतोच! तो मोजण्यास पूर्वी अतिवेगाने फिरणारे महागडे यंत्र लागे. १९७२ साली अमेरिकेत फ्रीडवाल्ड, लेव्ही व फ्रेडरिक्सन यांनी साधा हिशेब दिला : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावा. २००, ४० व १५० मिलिग्रॅम असल्यास उरतात १३०. ट्रायग्लिसराइड चारशेवर गेल्यास हिशेब फसतो, हेही त्यांनीच सांगितले. जेवणाने ते चढते. म्हणून उपाशीपोटी बोलावण्याची चाल पडली. रात्रपाळीवाल्याने शेवटचा डबा किती वाजता खाल्ला, ते रक्त देतानाच सांगावे असे आम्ही सुचवतो.