जुन्या ध्वनिमुद्रिका आणि ध्वनियंत्रणा : संगीतेतिहासाच्या एका साधनाची चिकित्सा

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासलेखनात जुन्या ध्वनिमुद्रिका अस्सल साधन मानल्या जातात. परंतु दस्तऐवजाचा कागद व हस्ताक्षर तपासणारा अभ्यासक, तबकडी कोणत्या यंत्रावर ऐकली याची नोंद क्वचितच करतो. ही उणीव किती गंभीर आहे, हे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या ध्वनिमुद्रणांवरून स्पष्ट होते.

मिरजेस स्थायिक झालेल्या या गायकाचे पहिले ध्वनिमुद्रण १९०५ च्या सुमारास झाले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात गाई आणि केवळ आवाजाच्या जोरावर सुई मेणाच्या थरात खाच कोरीत असे. ढोबळमानाने २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा तीत उमटे. तंबोऱ्याची झार, ‘स’काराची धार आणि खर्जाचा भरणा बहुतांशी गळून जाई. १९२५ मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रण आले. खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या ओडियन तबकड्या या पद्धतीच्या आहेत. चावीच्या घरगुती ग्रामोफोनवर दोहोंतील अंतर पुरते कळत नसे, कारण त्याचा स्वतःचा कर्णाही मर्यादितच होता. उत्तम ध्वनिक्षेपकांवर ते लपत नाही. खाँसाहेबांच्या आवाजाच्या पातळपणात गळ्याचा वाटा किती आणि कर्ण्याचा किती, हा प्रश्न तेथे विचारता येतो.

तथापि महागडे यंत्र सत्यच सांगते, असे मानणे भाबडेपणाचे होय. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. दीर्घवादन तबकडीची २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि गायकाऐवजी तेथील धूळच निष्ठेने ऐकविते. वेगाचा प्रश्न याहून बिकट. आरंभीच्या साऱ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ वर फिरविली, तर लय वाढतेच, शिवाय स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो; पांढरी एकचा गायक काळी एकचा ठरतो. यंत्र जितके स्थिर, तितकी ही चूक विश्वसनीय भासते.

खरखर काढणारी संगणकीय प्रक्रियाही निर्दोष नाही. खरखर, श्वास आणि विरत जाणारी मींड यांचे ध्वनी परस्परांत मिसळलेले असतात; एक पुसताना दुसरे पुसले जाते. किराणा घराण्याचा स्वरलगाव अशा पुनर्मुद्रणांच्या आधारे वर्णिला जातो, आणि त्यांवर सुईचे माप, वेग वा केलेली प्रक्रिया बहुधा छापलेली नसते.