झोपेच्या गोळ्यांची नशा : मेंदूवर काय परिणाम होतो?

छत्रपती संभाजीनगरात जिला ‘बटन’ म्हणतात, ती बहुधा नायट्राझेपामची गोळी असते. मालेगावातली ‘कुत्ता गोळी’ म्हणजे अल्प्राझोलम. दोन्ही मुळात औषधेच आहेत. निद्रानाश, तीव्र चिंता, फिट्स यांवर डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. नांदेड-लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणारी मुले, हमाली करणारे तरुण, झोप न येणारे वृद्ध यांपैकी कोणालाही तिची सवय लागू शकते.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन पेशींना शांत करते. या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. त्यामुळे भीती कमी होते, झोप येते; पण नवीन आठवणी साठवण्याची क्षमता मंदावते. म्हणूनच गोळी खाऊन केलेले भांडण सकाळी आठवत नाही. तोल जातो, गाडी चालवताना अपघात होतो. दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

काही आठवड्यांच्या रोजच्या वापराने मेंदूला गोळीची सवय होते व डोस वाढत जातो. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर थरकाप, भ्रम, फिट्स येतात. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. घरचे अनेकदा शपथ घालतात, विहारात नेऊन पाचव्या शीलाची आठवण देतात. भावना योग्य आहे. परंतु ‘आजपासून बंद’ हा हट्ट या गोळ्यांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू कमी करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

१ मार्च २०१४ पासून ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी असून डॉक्टर व रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण यांची नोंद दुकानदाराने ३ वर्षे जपायची असते. एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाकडे जावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक निःशुल्क आहेत. व्यसन हा आजार आहे. रुग्णाला वाळीत टाकून तो बरा होत नाही.