मराठी हगादा : एक दुर्मीळ सचित्र ग्रंथ

ठाण्याचे 'शाअर हाशामाईम' (स्वर्गाचे द्वार) हे सिनेगॉग १८७९ मधील. बेने इस्रायली समाजाचा त्याहून जुना ठेवा म्हणजे मराठी भाषांतरासह छापलेली हिब्रू 'हगादा'. वल्हांडण सणाच्या रात्री भोजनप्रसंगी वाचावयाच्या या ग्रंथात कथा, प्रार्थना व स्तोत्रगीते एकत्र येतात. मुंबईची शिळाछाप आवृत्ती १८४६ ची, तर पुण्याची सचित्र आवृत्ती १८७४ ची. पुण्याच्या प्रतीतील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चक्क साड्या नेसलेल्या आहेत! संग्राहकांना भुरळ पडते ती याचीच.

प्रती मात्र दुर्मीळ. १९४८ नंतर असंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. शिवाय देवाचे नाव असलेला जीर्ण ग्रंथ टाकून न देता दफन करण्याचा ज्यू प्रघात आहे. त्यामुळे रद्दीच्या दुकानांपेक्षा जुन्या कुटुंबांकडेच विचारणा करणे इष्ट.